ट्रम्प हरो की जिंको, आपल्याला काय? अमेरिकेच्या निवडणुकीकडे कोकणातल्या बौद्धवाडीतून पाहताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागात माड आणि पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. पुढे कित्येक दिवस गावोगावी अंधार होता आणि मोबाईलला रेंज नव्हती. रेंज आली तेव्हा तरुणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेल्या वाड्यांच्या फोटोंबरोबर आणखी एक फोटो फिरत होता. २५ मे रोजी मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेल्या जॉर्ज फ्लॉइडचा. तेव्हापासून वर्षावासाच्या निमित्ताने बुद्धविहारात जमलो की डोनाल्ड ट्रम्प हा विषय हमखास निघतो आणि वादही होतो. ३ नोव्हेंबर २०२० ला तिथे मतदान होते, म्हणून हा वाद नीट मांडावा असे आम्हाला वाटले.

वाद साधा नाही. जहाजावर नोकरी करणारा आमचा एक तरुण म्हणतो, "दादा, ट्रम्प निदान तोंडावर बोलतो. बाकीचे गोड बोलून तेच करतात." दुसरा म्हणतो, तो भारताचा मित्र आहे. दोघेही जय भीम म्हणणारे, ग्रंथवाचनाला बसणारे. त्यांना 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणणे सोपे होते, पण तो चळवळीचा मार्ग नाही.

आधी मित्राचे बोलू. सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनला 'हाऊडी मोदी' झाले, २४ फेब्रुवारी २०२० ला अहमदाबादच्या मोटेरा स्टेडियमवर 'नमस्ते ट्रम्प'. पाहुण्याच्या रस्त्यावरची झोपडपट्टी दिसू नये म्हणून तिथे भिंत बांधली गेली. चारच महिन्यांनी, २२ जूनला, याच मित्राने एच-वन-बी व्हिसावर वर्षअखेरपर्यंत बंदी घातली. आपल्या समाजातली शिकलेली पहिली पिढी आयटीत जाऊन परदेशाचे स्वप्न पाहू लागली आहे, त्यांच्यासाठी हे लांबचे प्रकरण नाही.

आता तोंडावर बोलण्याचे. २०१७ मध्ये शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मोर्चा काढला, विरोध करणाऱ्या जमावात त्यांच्यातल्या एकाने गाडी घातली आणि एक तरुणी मारली गेली. त्यानंतर ट्रम्प यांनी दोन्ही बाजूंना चांगली माणसे असल्याचे म्हटले. २०२० मध्ये १ जूनला व्हाइट हाऊससमोरच्या निदर्शकांना अश्रुधूर आणि बळाने हटवले गेले आणि थोड्याच वेळात ते तिथून चालत जाऊन चर्चसमोर बायबल हातात धरून उभे राहिले. २२ सप्टेंबरला आदेश काढून सरकारी खात्यांतल्या वर्णभेदविषयक प्रशिक्षणावर निर्बंध आणले, कारण काय तर अशा प्रशिक्षणाने देशात फूट पडते. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. जात आहे असे जो बोलतो तोच जातीयवादी, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत.

पण मग गोरा गरीब माणूस त्यांना मत का देतो? कारखाने बंद पडले, खाणी बंद पडल्या, हाताला काम राहिले नाही, हे कारण खरे आहे. पण ते पुरेसे नाही. काळ्यांचेही काम गेले, आणि त्यातल्या बहुसंख्यांनी ट्रम्प यांना मत दिले नाही. याचे उत्तर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी १९३५ मध्ये लिहून ठेवले आहे. गोऱ्या मजुराला पैशात मजुरी कमी मिळाली तरी गोरेपणाचा मान ही एक वेगळी, मानसिक मजुरी मिळत असते, आणि ती गमवायला तो तयार नसतो. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिच्या अगदी जवळचे हे विश्लेषण. आपल्याखाली कोणीतरी आहे या समाधानावर अख्खी व्यवस्था तगून राहते. या दोघांचा पत्रव्यवहारही झाला होता. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डु बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाची प्रत मागितली आणि डु बॉईस यांनी उत्तर दिले. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव कुठून आले हे या साइटच्या वाचकाला सांगायला नको.

निवडणुकीची पद्धतही समजून घेऊ, कारण तिथेच खरी गोम आहे. अमेरिकेत ज्याला देशभर जास्त मते तो राष्ट्राध्यक्ष होतो असे नाही. प्रत्येक राज्याला काही प्रतिनिधी ठरवून दिलेले आहेत. एकूण ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून अधिक मते जास्त पडली आणि त्या हरल्या. २०२० मध्ये जवळपास ४ कोटी लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला ५५ प्रतिनिधी होते, तर ६ लाखांच्या आतल्या वायोमिंगला ३. हिशेब केला तर वायोमिंगच्या एका माणसाचे वजन कॅलिफोर्नियाच्या माणसाच्या साडेतीन पटींहून जास्त भरते. एक माणूस, एक मत, एक मूल्य हा बाबासाहेबांचा आग्रह ज्याला कळला आहे त्याला यातली खोच कळेल. या रचनेच्या मुळाशी गुलामगिरीही आहे. १७८७ च्या घटनेत दक्षिणेकडच्या राज्यांची लोकसंख्या मोजताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरला गेला. त्याला मत नव्हते, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याचे वजन वाढत होते.

आणि मत मिळाल्यावर तरी काय? १८७० च्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला. मग दक्षिणेत मतदानासाठी कर आला, वाचता येते का याच्या परीक्षा आल्या, मारहाण आली. तो हक्क खऱ्या अर्थाने वापरता यावा म्हणून कायदा व्हायला १९६५ साल उजाडले. म्हणजे ९५ वर्षे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला कळीचा भाग निष्प्रभ केला. जून २०२० मध्ये जॉर्जियात प्राथमिक फेरीच्या मतदानाला कृष्णवर्णीय वस्त्यांत तासन् तास रांगा लागल्या होत्या.

हे वाचताना आम्हाला महाड आठवते. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले ठराव केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाणी मात्र कोणी पिऊ शकला नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंसह ओंजळ भरली तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यावरही मार खावा लागला, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडले. महाड आमच्यापासून एसटीने जाण्याच्या अंतरावर आहे. मिनियापोलिस किंवा जॉर्जिया समजायला फार लांब जावे लागत नाही ते यासाठी.

तरीही आम्ही जो बायडन यांचा झेंडा घ्या असे म्हणत नाही. १९९४ च्या ज्या गुन्हेविषयक कायद्यावर तुरुंग कृष्णवर्णीयांनी भरल्याचा ठपका ठेवला जातो, तो पुढे रेटण्यात बायडन होते. उलट २०१८ मध्ये शिक्षा कमी करणाऱ्या सुधारणा कायद्यावर ट्रम्प यांनी सही केली. वादात हे मान्य करावे लागते, नाहीतर समोरचा तरुण आपले पुढचे ऐकत नाही. शिवाय अमेरिकेत गेल्यावर जात सुटत नाही. ३० जून २०२० ला कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. भारतातून आलेल्या दलित इंजिनियरला सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून डावलल्याचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंश, रंग, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व आहे. जात हा शब्द नाही.

मानसिक मजुरी तोडता येते का, असा प्रश्न एका मुलीने मागच्या रविवारी विचारला. आम्ही चरीचे उदाहरण दिले. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांत १९३३ पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील पुढे होते, कुळे बहुतेक आगरी. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. जातीची उतरंड तेव्हा मोडली नाही. पण भाकरीच्या प्रश्नावर वेगवेगळ्या जातींचे कष्टकरी एका रस्त्यावर आले. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हते, हेही खरे.

त्या मुलीचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण वादळात आमचं नाव यादीत का नाही आलं?" तिच्या गावात नुकसानीचे पंचनामे सातबाऱ्यावर झाले. बागेला भरपाई बागेच्या मालकाला. त्याच बागेत वर्षानुवर्षे नारळ-सुपारी उतरवणाऱ्या, शिंपणे करणाऱ्या बौद्धवाडीतल्या बायामाणसांचा रोजगार पाच-सात वर्षांसाठी गेला, कारण नवी पोफळ लगेच धरत नाही. पण रोजगाराला सातबारा नसतो. घराच्या पंचनाम्यातही घर आजोबांच्या नावावर म्हणून काहींचे राहून गेले.

आम्ही तिच्याबरोबर बसून अर्ज लिहिला. ग्रामपंचायतींच्या निवडणुका कोरोनामुळे लांबल्या होत्या, मुदत संपलेल्या ठिकाणी प्रशासक होते, त्यामुळे अर्ज कोणापुढे ठेवायचा इथपासून सुरुवात होती. लिहून झाल्यावर मतदार यादीही काढली. वाडीतली मुंबईला कामाला असलेली आणि लॉकडाऊनमध्ये परत आलेली अकरा मुले तिच्यात नव्हती. त्यातला एक तो जहाजावरचा. तो यादी बोटाने खाली-वर पाहत राहिला आणि म्हणाला, "फॉर्म कोणता भरायचा, दादा?"

नमुना ६. येत्या रविवारी विहारात आणून ठेवतो आहोत.