पारा काळजापर्यंत पोहोचतो!

पारा म्हटला की थरथरणारे हात, सुजलेल्या हिरड्या आणि जपानमधील मिनामाता आठवते. पण पाऱ्याचा घाव हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवरही होतो, हे कामगाराला कोणी सांगत नाही.

पारा न तापवताही वाफ होऊन हवेत मिसळतो. या वाफेला ना रंग, ना वास. श्वासावाटे आत गेलेल्या वाफेतील सुमारे ८० टक्के पारा शरीरात मुरतो. तो गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतो, सेलेनियम अडकवून ठेवतो. पेशींचे संरक्षण लुळे पडते, रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते आणि रक्तदाब चढतो.

१९९५ साली फिनलंडमधील अभ्यासात, केसांत जास्त पारा आढळलेल्या पुरुषांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. २०११ च्या अमेरिकेतील अभ्यासात मात्र असा संबंध आढळला नाही. दोन्ही अभ्यासांत पारा आला होता मुख्यतः माशांतून. कारखान्यात रोज वाफ ओढणाऱ्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. पण शास्त्रज्ञांत मतभेद असला की त्याचा फायदा कोणाला मिळतो? मालकालाच!

तामिळनाडूतील कोडाईकनाल पाहा. अमेरिकेतील वॉटरटाउनचा थर्मामीटर कारखाना १९८०च्या दशकात तेथे आणला गेला. पुढे तो हिंदुस्थान लिव्हरकडे आला. पारा लागलेल्या फुटक्या काचा भंगारात सापडल्या आणि २००१ मध्ये कारखान्याला टाळे लागले. पाऱ्यामुळे कामगारांना आजार झाले नाहीत, असे कंपनी सांगत राहिली. ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला तो थेट मार्च २०१६ मध्ये. पंधरा वर्षे कामगारांनी काय काय सोसले असेल?

यातली खरी मेख समजून घ्या. काम सुटल्यावर लघवीतला पारा साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो. काही वर्षांनी तपासले तर पुरावाच उरत नाही! उरतो तो आजारी माणूस, आणि त्याला सांगितले जाते, 'तुझे व्यसन, तुझे वय.'

म्हणून कामावर असतानाच लघवीतील पारा आणि रक्तदाब नियमित तपासला पाहिजे. त्याची लेखी प्रत कामगाराच्या हाती पडली पाहिजे. फुटक्या ट्यूबलाइटमध्येही पारा असतो. तेव्हा भंगार वेचणाऱ्या आपल्या माय-बहिणींनाही ही तपासणी मिळाली पाहिजे. बांधवांनो, तो कागद मागा आणि जपून ठेवा. उद्या तोच तुमचा साक्षीदार आहे.