अमेरिकेंतील लहान कॅथलिक शाळा आणि तिचें शेवटचें वर्ष



शाळेंतील शेवटचें वर्ष म्हटलें कीं आपल्यापुढें परीक्षा उभी राहते. दहावीच्या मुलाची संध्याकाळ शिकवणीच्या वर्गांत जाते, खेळ वर्षभर बंद पडतो, आणि निरोपसमारंभाच्या दिवशीं चार भाषणें व अल्पोपहार झाला म्हणजे त्याचा व शाळेचा संबंध संपतो. अमेरिकेंतील लहान कॅथलिक शाळेंत हें वर्ष निराळ्या रीतीनें घालवितात. तेथें बाराव्या इयत्तेंतील मुलांस सीनियर म्हणतात. या सीनियरांभोवतीं ज्या चालीरीती जमल्या आहेत, त्या कशासाठीं आहेत हें मी आज सांगणार आहें. वरवर पाहतां त्या हौसेच्या वाटतात. परंतु शाळेच्या जगण्यामरण्याचा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

प्रथम या शाळा निघाल्या कां, तें थोडक्यांत पाहूं. एकोणिसाव्या शतकांत आयर्लंड, जर्मनी, पुढें इटली व पोलंड या देशांतून कॅथलिक लोक लाखांनीं अमेरिकेंत उतरले. तेथील सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांना मान्य असलेल्या बायबलाचें वाचन होत असे. या वादावरून १८४४ सालीं फिलाडेल्फिया शहरांत दंगे होऊन कॅथलिकांचीं देवळें जाळलीं गेलीं. १८८४ सालीं बाल्टिमोर येथें बिशपांची परिषद भरली; तिनें प्रत्येक देवळाजवळ दोन वर्षांच्या आंत शाळा काढावी, असा निर्णय दिला. सर्व मुलांनीं सरकारी शाळेंतच गेलें पाहिजे असा कायदा ऑरेगन राज्यानें केला होता, तो सर्वोच्च न्यायालयानें १९२५ सालीं रद्द ठरविला. शिकविण्याचें काम बहुतांशीं जोगिणी करीत. त्यांचें वेतन नाममात्र असे, म्हणून मजुराच्या मुलालाही ही शाळा परवडत असे.

आतां अशी एखादी लहान शाळा डोळ्यांपुढें आणा. शेवटच्या वर्गांत उणीं-पुरीं तीस-चाळीस मुलें. मोठ्या शाळेंत निवड होते. येथें निवड करावयास माणसेंच नाहींत. म्हणून जो मुलगा मैदानावर फुटबॉल खेळतो तोच नाटकांत राजा होतो, आणि तोच मिस्सेच्या वेळीं पुढें उभा राहून शास्त्रपाठ वाचतो. मुलांपैकीं सुमारें एक-पंचमांश कॅथलिक नसतात; तींही या सर्वांत असतात.

शेवटच्या वर्षाची चाहूल आंगठीनें लागते. वर्गाची आंगठी ही चाल वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत १८३५ सालीं सुरू झाली, व पुढें ती सर्व देशांत पसरली. कॅथलिक शाळेंत बहुधा अकराव्या इयत्तेंतच पादरी या आंगठ्यांस आशीर्वाद देतात. कित्येक ठिकाणीं ती घालतांना शाळेचें चिन्ह स्वतःकडे ठेवितात आणि शाळा सोडण्याच्या दिवशीं तें जगाकडे फिरवितात.

परंतु मला स्वतःला सर्वांत आवडलेली चाल निराळी आहे. जेथें शिशुवर्गापासून बारावीपर्यंत एकच शाळा असते, तेथें प्रत्येक सीनियराच्या हवालीं एक लहान मूल करितात. मिस्सेच्या वेळीं त्याला शेजारीं बसवून घ्यावयाचें, केव्हां उठावें, केव्हां गुडघे टेकावे हें दाखवावयाचें, सणाला त्याला एखादें चित्र द्यावयाचें, एवढेंच काम. शिक्षकानें दहादां सांगून जें होत नाहीं, तें अठरा वर्षांच्या दादानें नुसतें डोळ्यानें खुणाविलें कीं होतें. तीस-पस्तीस वर्षें वर्गांत उभा राहिलेल्या माणसाला हें पटवून द्यावें लागत नाहीं! आणि वर्षाच्या अखेरीस हेच सीनियर झगा व टोपी घालून लहान वर्गांच्या ओंवरींतून चालत जातात, तेव्हां दोन्ही बाजूंस उभीं राहून टाळ्या वाजविणारीं मुलें आपापला दादा नि ताई शोधीत असतात.

दुसरी चाल एकांतवासाची. अकरावी-बारावीचीं मुलें तीन-चार दिवस गांवाबाहेर जाऊन राहतात. या एकांतवासाला पुष्कळ शाळांत कैरॉस असें नांव आहे. हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ योग्य वेळ; आपण मुहूर्त म्हणतों तसा. त्याची मूळ धाटणी १९४० च्या दशकांत स्पेनच्या मॅयोर्का बेटावर निघालेल्या एका धर्मसाधनेची आहे. मुलांचीं घड्याळें व मोबाईल काढून घेतात. प्रवचनें पादरी करीत नाहींत असें नव्हे, पण बरींचशीं भाषणें आधीं जाऊन आलेलीं मुलेंच करितात. शाळेनें आईबापांकडून मुलाच्या नकळत पत्रें मागवून ठेविलेलीं असतात. तीं एके दिवशीं त्याच्या हातीं पडतात. या पत्रांस पलांका म्हणतात. स्पॅनिश भाषेंत पलांका म्हणजे तरफ. तेथें घडलें तें परतल्यावर कोणी बोलावयाचें नाहीं, असाही संकेत आहे. तो मला विशेष रुचत नाहीं. ज्या गोष्टीनें मुलाचें मन हललें ती घरच्यांना कां सांगूं नये? पत्राची युक्ति मात्र अचूक आहे. आपल्याकडे किती बाप मुलाला गुणपत्रिकेखेरीज दुसऱ्या विषयावर पत्र लिहितात?

मे महिन्यांत मारियामातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट घालतात. हा मान बहुतेक सीनियर मुलीचा. वार्षिकांकांत सीनियर गमतीचें मृत्युपत्र लिहितात: बांकाची खिडकीजवळची जागा अमक्याला, उशिरां येण्याची कला तमक्याला! थट्टेंतली ही यादी मी निकालाच्या यादीहून लक्षपूर्वक वाचीन. ज्याला कांहीं द्यावयाचें असतें त्याला घेणारा ओळखीचा असावा लागतो, आणि लहान शाळेंत तो असतो.

आतां घेणारेच कमी होत आहेत. १९६५ च्या सुमारास अमेरिकेंत कॅथलिक शाळांतून सुमारें ५२ लाख मुलें शिकत होतीं. आज तीं १७ लाखांच्या आसपास आहेत, आणि शाळा सहा हजारांच्या आंत आल्या आहेत. शिक्षकांत पादरी व जोगिणी शंभरांत तीनही उरल्या नाहींत. संसारी शिक्षकाला पुरेसा पगार द्यावा लागतो, त्यामुळें फी वाढते. फी वाढली कीं मुलें घटतात, आणि मुलें घटलीं कीं फी पुन्हां वाढवावी लागते. २०२० सालीं साथीच्या दिवसांत दोनशेंहून अधिक शाळा बंद झाल्या.

शाळा बंद होते ती बहुधा वर्षाच्या अखेरीस. बारावीचीं मुलें झगा घालून बाहेर पडतात. अडचण होते ती अकरावीच्यांची. त्यांच्या बोटांत आंगठी आलेली असते, चिन्ह अजून आंतल्या बाजूस असतें, आणि शेवटचें वर्ष त्यांना गांवांतील दुसऱ्या शाळेंत काढावें लागतें. तेथील प्रमाणपत्रावर एका शाळेचें नांव येतें. आंगठीवर दुसऱ्याच शाळेचें राहतें.