डिझायनरच्या हाती प्रोग्रामिंगचे पुस्तक

संगणकाची भाषा शिकवणारी बहुतेक पुस्तके प्रोग्रामरांनी भावी प्रोग्रामरांसाठी लिहिलेली असतात. त्यामुळे रंग, आकार आणि अक्षर यांच्या कामात मुरलेला डिझायनर त्यांच्यापाशी अडखळतो, तेव्हा ती अडचण बहुधा आकलनाची नसून उदाहरणांची असते. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे ‘सी’ भाषेवरील १९७८ मधील पुस्तक या क्षेत्रात आदर्श मानले जाते. ते वाचकाला आधी पडद्यावर दोन शब्दांचे अभिवादन उमटवायला लावते आणि लगेच फॅरनहाइटचे सेल्सिअसमध्ये रूपांतर करणाऱ्या तक्त्याकडे नेते. नेमकेपणात या पुस्तकाचा हात धरणारी पुस्तके थोडीच आहेत. पण असा तक्ता बरोबर की चूक एवढेच तपासता येते, तो दाट झाला की विरळ, तोल साधला की बिघडला, हे प्रश्न तेथे उद्भवतच नाहीत, आणि डिझायनरची शिकण्याची रीत तर याच प्रश्नांच्या आधाराने पुढे सरकते.

ही उणीव ओळखून अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जॉन माएदा यांनी ‘डिझाइन बाय नंबर्स’ नावाची छोटी भाषा तयार केली आणि १९९९ मध्ये त्याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. या भाषेत चित्राचा चौकोन १०० बाय १०० एककांचा असे आणि रंग म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या छटा. ही टंचाई मुद्दाम राखलेली होती. माएदांच्याच गटातील केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ या व्यवस्थेचे काम सुरू केले, ज्यात एका ओळीची आज्ञा दिली की खिडकीत वर्तुळ उमटते. त्यांचा दृश्य-डिझायनर आणि कलावंत यांच्यासाठीचा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ २००७ मध्ये निघाला. तो आकार, गती, प्रतिसाद असे धागे आलटून पालटून पुढे नेतो आणि मधेमधे कलावंतांच्या मुलाखतीही देतो. स्वतः एकट्याने शिकणाऱ्याला मात्र तो जड जाण्याचा संभव आहे, आणि अशा वाचकाला डॅनियल शिफमन यांचे ‘लर्निंग प्रोसेसिंग’ अधिक मानवते, कारण ते अगदी कोऱ्या वाचकाला गृहीत धरून पायरीपायरीने चढते.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्यातील एकच प्रकरण उघडून पाहावे, आणि ते लूपचे असावे. किंमत साठवण्यासाठी दिलेले नाव म्हणजे व्हेरिएबल, आणि तीच आज्ञा दर वेळी थोडी बदललेली किंमत घेऊन पुन्हा पुन्हा पाळण्याची सोय म्हणजे लूप. एका लूपमध्ये दुसरा लूप ठेवला की आडव्या आणि उभ्या ओळी तयार होतात, ठिपक्यांच्या रांगोळीत होतात तशाच. जर्मन संगणक-कलावंत गेऑर्ग नेस यांनी १९६८ च्या सुमारास केलेले ‘शॉटर’ हे चित्र या कल्पनेचा उत्तम नमुना आहे: १२ चौकोनांची एक ओळ अशा २२ ओळी, वरचे चौकोन शिस्तीत बसलेले आणि खाली येता येता अधिकाधिक कलंडलेले व विखुरलेले. यातील अव्यवस्था ओळीच्या क्रमांकाबरोबर वाढते, म्हणजे एकच आकडा बदलून चित्राचा स्वभाव पालटता येतो, आणि लूप कशासाठी असतो हे डोळ्यांनी पटते. जे पुस्तक हेच प्रकरण एक ते दहा आकड्यांची बेरीज करून उरकते, ते चांगले असूनही या वाचकाचे नव्हे.

वेबसाठी काम करणाऱ्याचा रस्ता वेगळा आहे. जॉन डकेट यांचे ‘एचटीएमएल अँड सीएसएस’ हे २०११ मधील पुस्तक पानापानांतून रंगीत मांडणीने शिकवते, आणि डिझायनरांना ते रुचावे यात नवल नाही. परंतु एचटीएमएल मजकुराची रचना सांगते, सीएसएस तिचे रूप सांगते, आणि विचारपूर्वक निर्णय घेणारे प्रोग्रामिंग जावास्क्रिप्टपासून सुरू होते. डकेट यांचे त्या भाषेवरील पुस्तक २०१४ चे असून त्यात जेक्वेरी या त्या काळी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या तयार कोडसंग्रहाला बराच वाटा दिला आहे, म्हणून आवृत्तीचे वर्ष पाहूनच ते हाती घ्यावे. मारेन हावरबेके यांचे इंटरनेटवर मोफत उपलब्ध असलेले ‘एलोक्वंट जावास्क्रिप्ट’ भाषेची समज अधिक खोल करते, मात्र ते दुसरे पुस्तक म्हणून वाचावे, पहिले म्हणून नव्हे.

चित्रांनी भरलेल्या देखण्या ग्रंथांचा मोह आवरावा लागतो. त्यातील कोड उतरवून काढला की पहिल्याच संध्याकाळी मोहक आकृती मिळते, पण एकही आकडा न बदलता मिळालेली आकृती लेखकाचीच राहते.

अक्षररचनाकारांसाठी पायथन ही भाषा उपयोगी ठरते, कारण ग्लिफ्स आणि रोबोफाँट या टंकनिर्मितीच्या साधनांमध्ये तिच्यातून आज्ञा देता येतात, आणि ड्रॉबॉट या ॲपलच्या संगणकांवरील साधनात तीच भाषा वापरून चित्रे काढता येतात. देवनागरीच्या कामात तिची गरज विशेष भासते: जोडाक्षरे आणि मात्रा धरून एका टंकात शेकडो आकृत्या होतात, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’च्या ‘मुक्ता’सारखा टंक सात वेट्समध्ये, म्हणजे सात कमी-अधिक जाडींत असला की तो आकडा सातपट होतो. शिरोरेषा प्रत्येक अक्षरात एकाच उंचीवर आहे का, शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेला ती फट न राहता भिडते का, हे हाताने तपासणे वेळखाऊ असते, तर काही ओळींच्या कोडने चुकलेली अक्षरे शोधता येतात. अशा वाचकाने सामान्य वाचकांसाठीचे कोणतेही पायथनचे पुस्तक घ्यावे, त्यातील याद्या, शब्दकोशवजा नोंदी, फंक्शन म्हणजे नाव देऊन पुन्हा वापरता येणारा आज्ञासमूह, आणि फाइली वाचणे ही प्रकरणे नेटाने पार करावीत, आणि वेब-सर्व्हर वा विदा-विश्लेषणाची प्रकरणे न वाचताच ठेवावीत.