पेटीतला आवाज आणि कानातला आवाज

जुन्या, मोडक्या रेडिओतला एखादा ध्वनिक्षेपक तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत नक्कीच पडलेला असेल. तो पेटीतून मोकळा काढा आणि शिक्षकांच्या मदतीने लहानशा ॲम्प्लिफायरला जोडून त्यावर तबल्याची साथ असलेले एखादे गाणे लावा. आवाज पातळ, चिरका येतो. तबला कसाबसा ऐकू येतो, पण डग्गा जवळजवळ नाहीसाच होतो. आता अर्धा मीटर लांबरुंद जाड पुठ्ठा घ्या. त्याच्या मधोमध ध्वनिक्षेपकाच्या तोंडाएवढे भोक पाडा आणि ध्वनिक्षेपक त्या भोकावर घट्ट दाबून धरा. काय गंमत आहे पाहा! डग्गा परत आला. पुठ्ठा तर विजेवर चालत नाही. मग हा आवाज आणला कोणी?

याचे उत्तर समजले, की ध्वनिक्षेपक किंवा हेडफोन निवडताना कशाला पैसे द्यावेत आणि कशाला देऊ नयेत, हे आपोआप कळू लागेल.

ध्वनिक्षेपकात कागदाचा शंकूसारखा पडदा असतो. त्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असून ते चुंबकाच्या खाचेत लोंबते. वेटोळ्यातील वीजप्रवाह बदलला, की ते पुढेमागे हलते आणि त्याच्याबरोबर पडदाही हलतो. अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली ही रचना मांडली. आजही बहुतेक ध्वनिक्षेपक याच तत्त्वावर चालतात.

पडदा पुढे सरकला, की पुढची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढची दाट हवा कडेवरून वळून मागची पोकळी भरून काढते आणि दोघींचा हिशेब मिटतो. आवाज तीव्र पट्टीचा असेल, तर हवेला असे वळून जायला वेळच मिळत नाही. ५,००० हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम ७ सेंटिमीटर असते. १०० हर्ट्‌झच्या स्वराची मात्र सुमारे साडेतीन मीटर! एवढ्या लांब तरंगापुढे वीतभर पडदा म्हणजे हत्तीपुढे मुंगी. पुठ्ठ्याने काय केले, तर पुढच्या आणि मागच्या हवेमध्ये भिंत घातली. ध्वनिक्षेपकाची पेटीही मुख्यतः तेच काम करते. ती शोभेसाठी नसते.

खर्जाची आणखी एक अडचण आहे. स्वराची कंप्रता निम्मी झाली, तर खोलीत तेवढाच दाब निर्माण करण्यासाठी त्याच पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. लहान पडदा इतका हलू शकत नाही. म्हणून मुठीएवढ्या पेटीवर ‘दणदणीत खर्ज’ असे छापलेले दिसले, तर खुशाल हसावे.

आता तुम्ही विचाराल, की मग कानात घालायच्या इअरफोनचा पडदा तर नखाएवढा. त्यातून डग्गा कसा ऐकू येतो? कारण त्याला खोलीभर हवा हलवायची नसते. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. तिचे तोंड इअरफोनने बंद झाले, की आत चमचाभरसुद्धा हवा उरत नाही. पिचकारीच्या दट्ट्यासारखा पडदा किंचित हलला, तरी तेवढ्या हवेचा दाब भरपूर बदलतो. पण पिचकारी गळकी असेल तर? तोंडाशी जराशी फट राहिली, की सर्वांत आधी खर्ज पळतो. इअरफोन कानात असताना बोटाने हलकेच आत दाबून पाहा. डग्गा एकदम वाढला, तर तुमची रबरी टोपी मापाची नाही. डबीत निरनिराळ्या मापांच्या टोप्या बहुधा असतात, पण त्या बदलून पाहणारे थोडेच. पुष्कळदा नवा इअरफोन घेण्याची गरज या बिनपैशाच्या सुधारणेनेच संपते.

टोपी मापाची असण्याचा दुसरा फायदा याहून मोठा आहे. बसमध्ये किंवा लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट कानात शिरतो आणि त्यावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवत जातो. आपल्या प्रत्येक कानाच्या शंखात सुमारे १५,००० केसपेशी असतात. एकदा मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला, की वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढाला ८३ डेसिबलला २० तास, ८९ ला ५ तास आणि ९८ ला आठवड्याला अवघी ३७ मिनिटे! ऐकून झाल्यावर कानात ‘कुंई’ असा नाद राहिला, तर मर्यादा ओलांडली गेली असे समजा. मात्र रस्त्याने चालताना कान बंद करू नका. तेथे हॉर्न ऐकू येणे अधिक महत्त्वाचे.

ध्वनिक्षेपकाच्या बाबतीतही काही सुधारणा फुकट होतात. पेटी भिंतीलगत ठेवली तर खर्ज वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो, कधी नको इतका घुमतो. ती इंचाइंचाने सरकवून पाहा. लहान, तीव्र स्वरांचा पडदा साधारण कानाच्या उंचीवर येऊ द्या.

वॅटच्या आकड्यांना मात्र भुलू नका. शक्ती दुप्पट केली, तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि तेवढा फरक कानाला थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांचे आकडे छापलेले असतील, तर ते वाचलेच नाहीत असे समजा. ‘आरएमएस’ वॅट किती, ते विचारा. त्याहून उपयोगी आकडा संवेदनशीलतेचा: १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल. ८३ डेसिबलच्या पेटीला २० वॅट देऊन जे मिळते, ते ८६ डेसिबलची पेटी १० वॅटमध्ये देते.

दुकानात दोन जोड्या ऐकून पाहताना एक पथ्य पाळा. किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी ‘चांगला’ वाटतो आणि विक्रेत्याला हे ठाऊक असते. तेव्हा दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या, तुमच्या पूर्ण ओळखीचे एकच गाणे दोन्हींवर लावा आणि कोणती जोडी वाजते आहे ते न पाहता मित्राला आलटूनपालटून वाजवायला सांगा.