हार्ड डिस्क ‘गेली’ म्हणजे काय गेलं?

घरातलं काही बंद पडलं की आपण ‘गेलं’ म्हणून मोकळ्या होतो. मिक्सर गेला, टीव्ही गेला. पण मैत्रिणींनो, हार्ड डिस्क ‘गेली’ की नेमकं काय गेलं, हे विचारायलाच हवं. तिच्यात दोन वेगळे संसार असतात. बंद डबीत चकचकीत तबकड्या, आपले फोटो, आवाज सगळं त्यांवर. आणि डबीच्या पाठीला स्क्रूंनी बसवलेलं सर्किट बोर्ड. बोर्ड जळलं तरी तबकड्या बऱ्याचदा धडधाकट असतात.

आमच्या वन्संची डिस्क 2023 च्या दिवाळीत गेली. 12 व्होल्टच्या डिस्कला भाच्याने लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर लावला. (पिन बसते हो, तीच तर पंचाईत!) करपल्याचा वास आला नि सगळं थंड. आत सासूबाईंनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, 2009 साली रेकॉर्ड केलेल्या. सासूबाई आता नाहीत, दुसरी कॉपीही नव्हती. एका दुकानदाराने न उघडताच असा आकडा सांगितला की वन्संचा चेहराच उतरला. ‘‘राहू दे गं, नशिबात नव्हतं,’’ म्हणाल्या.

मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. लग्नानंतर सोल्डरिंग गन माळ्यावर गेली होती, ती खाली काढली. डिस्क अगदी गप्प होती, हे मला बरं वाटलं. टकटक आवाज आला असता तर दुखणं डबीच्या आतलं, तिथे घरी हात लावायचाच नाही. धुळीचा एक कण गेला तरी तबकडीवर ओरखडा उठू शकतो.

चांदणीच्या आकाराच्या पेचकसाने बोर्ड काढलं. वीज आत येते तिथे संरक्षक डायोड असतात, एक 5 व्होल्टच्या वाटेवर, एक 12 व्होल्टच्या. जास्त दाब आला की हा पहारेकरी स्वतः आडवा पडतो आणि पुढच्या चिप वाचवतो. पण मग शॉर्ट होऊन तोच वाट अडवतो. मल्टिमीटर लावला, 12 च्या डायोडवर दोन्ही बाजूंनी बीप! तो उचकटून टाकला. डायोडवाचून डिस्क चालते, फक्त पहारा उरत नाही. म्हणून योग्य अडॅप्टर तपासून लावायचा आणि आधी सगळं कॉपी करायचं.

एवढ्यावर भागलं नसतं, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी करून तसंच बोर्ड शोधावं लागलं असतं. नुसतं बोर्ड बदलूनही सहसा भागत नाही. त्या डिस्कच्या खास नोंदी बोर्डावरच्या छोट्या, बहुधा आठ पायांच्या चिपमध्ये असतात. ती जुन्यावरून काढून नव्यावर बसवायची. हे नाजूक काम सरावाच्या हातानेच करावं. काही डिस्कमध्ये या नोंदी मोठ्या चिपच्या पोटात असतात, मग जाणकाराकडेच जावं.

वीज दिली, डिस्क घरघरली. वन्सं पदराचं टोक धरून माझ्या मागे उभ्या. कॉपी व्हायला तीन तास लागले, दोन ठिकाणी केल्या. मग पहिली फाइल लावली. ओवीच्या मधेच सासूबाई थांबतात आणि म्हणतात, ‘‘अगं, दूध उतू जाईल, गॅस बारीक कर.’’

वन्सं उठून खरंच स्वयंपाकघरात बघून आल्या.