कॉन्टेस्ट म्हणजे नक्की काय? स्पर्धा की हरकत?

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचे 4,999 रुपये गेले आणि त्यात एका इंग्रजी शब्दाचा मोठा हात होता.

झालं असं, की त्याने एक ऑनलाइन कोर्स घेतला होता. पहिल्याच आठवड्यात तो आवडला नाही म्हणून कॅन्सल केला. कंपनीने कॅन्सलेशन चार्ज लावला आणि मेल पाठवला. त्यात एक ओळ होती, 'इफ यू विश टू कॉन्टेस्ट धिस चार्ज, रिप्लाय विदिन सेव्हन डेज'. भावाने नोटिफिकेशनमध्ये 'कॉन्टेस्ट' एवढंच वाचलं आणि मेल डिलीट केला. त्याला वाटलं, आली अजून एक 'भाग घ्या आणि आयफोन जिंका' वाली जाहिरात! खरं तर कंपनी त्याला सांगत होती, की हा चार्ज मान्य नसेल तर 7 दिवसांत कळवा.

हसू नका. मी इंजिनिअरिंगची चार वर्षं इंग्रजीतून काढली आहेत, पण कॉन्टेस्टचा हा दुसरा अर्थ मलाही नोकरीला लागल्यावरच समजला. कारण मोबाइलवर आपल्याला हा शब्द एकाच कपड्यात दिसतो. रील कॉन्टेस्ट, फोटो कॉन्टेस्ट, क्विझ कॉन्टेस्ट.

एकच शब्द, दोन कामं

कॉन्टेस्ट हा शब्द नाम म्हणून आला तर त्याचा अर्थ स्पर्धा, चढाओढ. त्यात भाग घेणारा तो कॉन्टेस्टंट, म्हणजे केबीसीत बच्चनसाहेबांसमोर बसतो तो.

तोच शब्द क्रियापद म्हणून आला की अर्थ होतो हरकत घेणे, आव्हान देणे, 'हे मला मान्य नाही' असं रीतसर सांगणे. दंड कॉन्टेस्ट करता येतो, मृत्युपत्र कॉन्टेस्ट करता येतं, कोर्टाचा निकालही वरच्या कोर्टात कॉन्टेस्ट करता येतो. नवरा-बायको दोघंही राजी असतील तर परस्पर संमतीचा घटस्फोट आणि एकाने विरोध केला तर तो कॉन्टेस्टेड घटस्फोट.

बोलताना इंग्रज लोक यात फरक करतात. स्पर्धा म्हणायची असेल तर जोर 'कॉन'वर, हरकत म्हणायची असेल तर जोर 'टेस्ट'वर. आपण मराठी माणसं दोन्ही एकाच दमात बोलतो, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. मेलमध्ये तर जोर दिसतच नाही. तिथे सोपी खूण म्हणजे शब्दाच्या आधी 'टू' आणि नंतर चार्ज, क्लेम, डिसिजन असं काही असेल तर ती स्पर्धा नाही. थांबा आणि पूर्ण वाचा.

हे दोन अर्थ एका शब्दात आले कुठून? मूळ लॅटिन आहे. त्यातला 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार. साक्षीदारांना बोलावून दावा उभा करणे, हा मूळ अर्थ. म्हणजे भांडण आधी कोर्टातलं! गंमत म्हणजे परीक्षेच्या 'टेस्ट'शी याचा संबंध नाही. तो शब्द धातू पारखायच्या मातीच्या भांड्यावरून आला आहे.

निवडणुकीत मात्र दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. 'ही इज कॉन्टेस्टिंग फ्रॉम बारामती' म्हणजे तो बारामतीतून निवडणूक लढवतोय. आपला 'लढवणे' इथे अगदी चपखल बसतो. गावात सरपंच बिनविरोध निवडून आला, तर इंग्रजी पेपरात तो 'अनकॉन्टेस्टेड' असतो.

विम्याच्या कागदांत याचाच एक भाऊ भेटतो, 'इनकॉन्टेस्टेबल'. म्हणजे ज्यावर हरकत घेता येत नाही असं. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे जीवन विम्याची पॉलिसी सुरू होऊन, किंवा बंद पडलेली पुन्हा चालू होऊन, 3 वर्षं झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने त्या पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. घरात कुणाचा क्लेम अडकला असेल तर हा शब्द लक्षात ठेवा.

मग कॉम्पिटिशन काय वेगळं?

कॉम्पिटिशन मोठा शब्द आहे. जिओ आणि एअरटेलमध्ये कॉम्पिटिशन आहे, कॉन्टेस्ट नाही, कारण तिथे सुरुवात, शेवट, परीक्षक असं काही ठरलेलं नाही. एमपीएससीसुद्धा कॉम्पिटिटिव्ह एक्झाम. कॉन्टेस्टला सहसा नियम, वेळ आणि विजेता ठरलेला असतो. कोडिंगवाल्यांना हे पटकन कळेल. लीटकोडची वीकली कॉन्टेस्ट रविवारी सकाळी 8 वाजता सुरू होते, 4 प्रश्न, 90 मिनिटं, खेळ खल्लास. (मी कॉलेजात असताना चौथा प्रश्न कधीच सुटला नाही. आताही फारसा सुटत नाही.)

आणि गिव्हअवे? ती कॉन्टेस्ट नाहीच. तुम्ही फक्त फॉलो करता, तीन मित्रांना टॅग करता आणि चिठ्ठी निघते. ती सोडत, लकी ड्रॉ. तिथे तुमच्या कौशल्याचा काही संबंध नसतो, पण जाहिरातवाले बिनधास्त कॉन्टेस्ट म्हणतात.

कायद्याला हा फरक महत्त्वाचा वाटत आला आहे. पूर्वी पेपरांत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं मोठं पेव फुटलं होतं. तेव्हाच्या मुंबई राज्याने त्यावर कायदा केला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1957 मध्ये कोर्टाने म्हटलं, की यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर ती स्पर्धा जुगार ठरत नाही. फॅन्टसी क्रिकेटवाले पुढे हाच मुद्दा मांडत आले. मात्र ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. ड्रीम11 ने पैशांच्या कॉन्टेस्ट तेव्हाच थांबवल्या. त्यामुळे आज कुणी टेलिग्रामवर '49 रुपयांत मेगा कॉन्टेस्ट' म्हणत असेल, तर लांब राहा.

खोट्या कॉन्टेस्टचा विषय निघालाच आहे तर एवढंच सांगतो. ज्या स्पर्धेत तुम्ही भागच घेतला नाही, ती तुम्ही जिंकू शकत नाही. केबीसीच्या नावाने येणारे 25 लाखांचे मेसेज आठवा. बक्षीस सोडवायला आधी 'टॅक्स' मागतात किंवा यूपीआय पिन टाकायला लावतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. फसलातच तर लगेच 1930 वर फोन करा, जितका लवकर तितकं बरं.

आता मावसभावाचं. मी त्याला ट्रॅशमधून मेल परत काढायला लावला. 7 दिवस उलटून चार दिवस झाले होते, तरी 'आय वॉन्ट टू कॉन्टेस्ट धिस चार्ज' अशी एका ओळीची सुरुवात करून आम्ही दोघांनी उत्तर लिहिलं. कंपनीचा नकार आला. मग ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. तिचा नंबर मिळाला आहे, पैसे अजून आलेले नाहीत.