‘रिव्हर टच’ प्लॉट घेताय? पेण-रोह्यात जमिनीची दर्शनी बाजू खरंच किती तुमची असते?

ड्रोन शॉट. खाली हिरवीगार जमीन, कडेने वाहणारी नदी, मागे गाणं आणि स्क्रीनवर ठळक अक्षरं: ‘रिव्हर टच, फक्त मोजके प्लॉट शिल्लक!’ रायगडमध्ये जमीन शोधणाऱ्यांच्या फीडमध्ये असे रील्स रोज येतात. पेणकडचे असतील तर ‘हायवे टच’, रोह्याकडचे असतील तर ‘रिव्हर टच’. या ‘टच’साठी दर जास्त लावला जातो.

गंमत अशी की ज्या बाजूसाठी जास्त पैसे मोजले जातात, बांधकामाचे सगळ्यात कडक नियम त्याच बाजूला लागतात.

आधी सातबारा बघू. त्यावर क्षेत्र असतं, पण जमिनीचं तोंड किती रुंद आहे ते नसतं. ते कळतं मोजणीच्या नकाशावरून. आणि पूररेषा, भरतीरेषा, महामार्गाची बांधकाम रेषा यातलं काहीच सातबाऱ्यावर दिसत नाही.

आता रोह्याची कुंडलिका घ्या. भिऱ्याला टाटांचं जलविद्युत केंद्र 1927 पासून चालू आहे. वीज तयार झाल्यावर तिथलं पाणी कुंडलिकेत सोडलं जातं, म्हणून ही नदी मे महिन्यातही वाहती असते. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. उन्हाळ्यात प्लॉट बघायला आलेला माणूस या पाण्याच्या प्रेमात पडला तर नवल नाही. पण पावसाळ्यात रायगड जिल्हा प्रशासन नद्यांच्या पातळीचा तक्ता काढतं, त्यात कुंडलिकेची इशारा पातळी 23 मीटर आणि धोका पातळी 23.95 मीटर असते. दोन्हींत जेमतेम एका मीटरचा फरक.

नदीकाठासाठी दोन रेषा महत्त्वाच्या. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या पट्ट्यात नवं बांधकाम करता येत नाही. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी घालून परवानगी मिळू शकते. पूररेषा आखलेलीच नसेल तरी सुटका नाही. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार नदीपासून किमान 15 मीटर आणि नाल्यापासून 9 मीटर अंतर सोडावं लागतं.

‘25 वर्षांतून एकदा’ ऐकून अनेकांना वाटतं, म्हणजे आपल्याला काळजी नाही. इथे गणित फसवतं. याचा अर्थ दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता 4 टक्के. 20 वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत निदान एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता निघते 56 टक्के. नाणेफेकीपेक्षा जास्त!

समजा, प्लॉट नदीकाठी 20 मीटर रुंद आणि 50 मीटर खोल आहे. एकूण 1000 चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठे. निळी रेषा काठापासून 30 मीटर आत आली तर जवळपास सहा गुंठ्यांवर घर बांधता येणार नाही. पैसे मात्र दहा गुंठ्यांचे दिले. शिवाय खुद्द नदीचं पात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार सरकारचं. ‘प्रायव्हेट रिव्हर बीच’ असं कोणी म्हणत असेल तर हे कलम त्याला दाखवा.

पेणमध्ये आणखी एक पेच आहे, खाडीचा. भरतीचं पाणी जिथवर आत शिरतं तिथवर सीआरझेड लागतो. ती हद्द कोरड्या हंगामात पाण्याचा खारेपणा मोजून ठरवली जाते. 2019 च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल तेवढं अंतर या नियमाखाली येतं.

वाशी-वढावसारख्या खारेपाटातल्या गावांसाठी हा फक्त कागदाचा प्रश्न नाही. इथली भातशेती बांध आणि उघाडीच्या जोरावर टिकून आहे. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं. ती वेळेत बुजवली नाही तर भात जातो आणि काही वर्षांत तिथे खारफुटी उगवते. मग ती तोडता येत नाही. 17 सप्टेंबर 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानुसार जमीन कोणाच्याही मालकीची असो, खारफुटी तोडायला बंदी आहे आणि तिच्याभोवती 50 मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. खारफुटी वाचायलाच हवी, तीच किनारा सांभाळते. पण बांध दुरुस्त झाला नाही म्हणून ज्याची शेती गेली, त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव तेवढं उरतं.

राहिला हायवे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांप्रमाणे सपाट, मोकळ्या भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा आणि 75 मीटरवर नियंत्रण रेषा धरतात. शहरी हद्दीत अंतरं वेगळी. महामार्गाची हद्द मध्यापासून 30 मीटरवर संपत असेल, तर 20 मीटर तोंडाच्या प्लॉटमधले पुढचे दोन गुंठे मोकळेच ठेवावे लागतात. तोंड जितकं रुंद, तितकी मोकळी ठेवायची जागा जास्त.

त्यात महामार्गाला लागून जमीन असणं वेगळं आणि महामार्गावरून आत शिरता येणं वेगळं. 2002 च्या महामार्ग जमीन व वाहतूक कायद्याने थेट प्रवेशासाठी परवानगी लागते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणात पेण आणि कोलाड दोन्ही येतात. अशा रुंदीकरणात पुढची पट्टी संपादनात गेली की काल मागे असलेला प्लॉट आज ‘हायवे टच’ होतो, आणि दुभाजक झाला की समोरच्या लेनवरून येणाऱ्याला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं.

म्हणून टोकन देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा मागा. पूररेषा जलसंपदा विभागाकडून, झोन दाखला नगररचना विभागाकडून आणि सीआरझेडचा नकाशा राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून मिळवता येतो. आणि जमत असेल तर प्लॉट जुलै-ऑगस्टमध्ये, उधाणाच्या भरतीला बघा. शेजारच्या घराच्या भिंतीवर पाणी कुठवर चढतं ते गावकरी सांगतील.